एकशे एकोणीस किलोची बैठक

दिवाळीला गुरुपादप्पा गादीवरून उठले. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान. चाळीस वर्षं ज्या गादीवर मांडी घालून बसले, ती त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार लोकांदेखत मुलाच्या हवाली केली. सिद्धरामाच्या डोक्यावर टोपी ठेवली, पेढे वाटले, ‘आता मी मोकळा’ असं म्हणाले. पुढच्या सोमवारी दुकान उघडलं तेव्हा सकाळी सव्वाआठला ते दुकानात हजर. गादीवर मात्र बसले नाहीत. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. गादीशेजारी पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर बसले. फरक एवढाच पडला, की आता ते गादीपेक्षा हातभर उंच बसत होते.

हे असं चार महिने चाललं. त्र्याऐंशी सालचा मार्च लागला. पावसानं आदल्या वर्षी दगा दिलेला, मोंढ्यात माल कमी आणि माणसं जास्त. आणि एक दिवस सिद्धराम दुपारी जेवायला घरी आला, ताटावर बसला, आणि भाकरी न मोडता आईला म्हणाला, “अव्वा, एक बोलायचंय.”

शिवकांताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मुलगा भाकरी न मोडता बोलतो म्हणजे विषय पोटातला आहे, हे त्यांना कळलं.

“मी भाव सांगतो, आन गिऱ्हाईक आप्पाच्या तोंडाकडं बघतंय.”

“बघू दे की. बघितल्यानं का तोंड झिजतंय त्यांचं?”

“आप्पा बोलत न्हाईत काही. नुसती मान हलवतेत. आडवी हलली की गिऱ्हाईक उठतंय, उभी हलली की बसतंय. मी मधे कशाला हाय? भिंतीवरचं कॅलेंडर हाय का मी?”

“मग सांगायचं त्यांना.”

“सांगितलं तर उद्यापासून दुकानात यायचे न्हाईत, आन परवापासून जेवायचे न्हाईत. तू वळखत न्हाईस का?” सिद्धरामानं आता भाकरी मोडली. “लातूरच्या मोंढ्यात एक दुकान रिकामं होतंय. जिल्हा झाल्यापासून तिथं धंदा वाढलाय. पाडव्याला हो का न्हाई ते कळवायचंय मला. भांडण न्हाई अव्वा. आप्पा घरी बसले तर मी इथंच हाय. आप्पा दुकानात बसले तर मी, तुझी सून आन पोरी लातूरला.”

तो जेवला, हात धुतले, गेला. पाडव्याला महिना होता.

शिवकांताबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. भांडी घासता घासता त्यांनी हिशेबानं विचार केला. हा माणूस घरी का बसत नाही? तर घरात त्याला बसायला जागाच नाही. स्वयंपाकघर बायकांचं. मधल्या खोलीत नातींचा अभ्यास आणि त्याहून जास्त दंगा. देवघरात लिंगपूजा झाली की उठायचं. ओट्यावर वाळवण. राहिली बाहेरची बाग.

बाग म्हणजे फाटकापासून पायरीपर्यंतची बारा पावलं जमीन आणि तिच्या मधोमध एक जुना कडुलिंब. एक बेल, दोन कण्हेरी, एक जास्वंद. अळूचा वाफा माघातच गेला होता. नळ चार दिवसांतून एकदा यायचा, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी एका चरातून जास्वंदीला आणि पूजेचं पाणी तांब्यानं बेलाला. तेवढ्यावर ती चार झाडं तग धरून होती. लिंबाला मात्र कुणाची गरज नव्हती. तो हिरवागार होता आणि त्याची सावली फुकट जात होती.

लातूरला भाचीच्या घरी त्यांनी पाहिलं होतं. जावईबापू नव्या कचेरीत, आणि संध्याकाळी सगळे अंगणात वेताच्या खुर्च्या टाकून बसलेले, पाय लांब करून, चहा पीत. त्या दिवशी त्यांना हसू आलं होतं. आता नाही आलं.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. “अवो, लिंबाखाली खुर्च्या आणाव्या म्हणते.”

“कामून?”

“बसायला. डॉक्टरनं सांगितलंय न्हाई का, मांडी घालू नका, गुडघे लोंबते ठेवा.”

डॉक्टरनं तसं खरंच सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. आणि खरेदी म्हटलं की आप्पांच्या अंगात वारं यायचं. दिवाळीपासून त्यांनी स्वतःच्या हातानं काही खरेदी केलं नव्हतं.

“घेऊ,” ते म्हणाले. “पर मी बघून घेणार.”

शेजारच्या केवळाबाईंना भिंतीपलीकडून हे ऐकू गेलंच. सकाळी त्या म्हणाल्या, “प्यायला पाणी न्हाई, आन बागंत खुर्च्या.”

“खुर्चीला पाणी लागत न्हाई, बाई,” शिवकांताबाई म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या.

लातूरला जायला एसटीनं दोन तास. आप्पा खिडकीशी बसले आणि वाटेत दोनदा म्हणाले, की जिल्हा उदगीरलाच व्हायला पायजे होता. हे त्यांचं मत सात महिन्यांत बदललं नव्हतं आणि बदलण्याचं काही कारणही घडलं नव्हतं.

नव्या जिल्ह्याला पहिल्यांदा काय लागलं असेल तर खुर्च्या. जिकडे तिकडे कचेऱ्या निघालेल्या. कुठे भाड्याच्या घरात, कुठे शाळेच्या खोलीत. त्यामुळे गावातले झाडून सगळे सुतार खुर्च्या करत होते. पहिल्या कारखान्यात मिस्त्रीनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

“खुर्ची पायजे? हाताची का बिनहाताची?”

“म्हणजे?” शिवकांताबाईंनी विचारलं.

“कारकुनाला बिनहाताची. साहेबाला हाताची. मोठ्या साहेबाला हाताची आन पाठ उंच, वर टावेल टाकता येतो. पद काय हाय?”

“पद आता कुठलंच न्हाई,” आप्पा म्हणाले.

ते सहज म्हणाले. पण शिवकांताबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आप्पा रंधा मारलेल्या फळीवरून बोट फिरवत होते, जसे दुकानात पोत्याच्या शिवणीवरून फिरवायचे.

दुसऱ्या दुकानात वेताच्या खुर्च्या होत्या. गोल पाठीच्या, पिवळ्याधमक. शिवकांताबाई एकीत बसल्या. खुर्ची थोडी कुरकुरली आणि मग तिनं त्यांना सामावून घेतलं. उठावंसं वाटेना.

“ह्या घेऊ,” त्या म्हणाल्या.

आप्पांनी शेजारची खुर्ची दोन बोटांवर उचलली. वर-खाली केली. परत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मोंढ्यातल्या कुणाही शेतकऱ्यानं ओळखला असता. पोचट हरभरा तळहातावर घेतल्यावर तो यायचा.

“भरलीच न्हाई ही,” ते म्हणाले.

“खुर्ची हाय ती. भरायची कशानं?”

“वजनच न्हाई तिला. पैसे कशाचे द्यायचे? वाऱ्याचे?”

दुकानदार हसून म्हणाला, “आप्पा, हलकी हाय म्हणूनच लोक नेतेत. कुठंबी उचलून ठेवता येती.”

“ठेवलेली वस्तू परत उचलायची कशाला?” आप्पांनी विचारलं. दुकानदारानं खुर्ची पुसून जागेवर सरकवली. त्याचं उत्तर शिवकांताबाईंना दुसऱ्या दिवशी सुचलं.

तिसरं दुकान वेल्डिंगचं. दारासमोर लोखंडी खुर्च्या, पाठीवर वेलबुट्टीची नक्षी, हिरवा ऑइलपेंट. चार खुर्च्या आणि एक गोल टेबल. आणि मालकानं सांगितलं, की माल किलोवर.

आप्पांचे डोळे लकाकले. “किलोवर?”

“हाव. काटा हाय आत. डोळ्यांदेखत तोलून देतो.”

“दिवसभरात हा पहिला सरळ माणूस भेटला,” आप्पा बायकोला म्हणाले, आणि मालकाला म्हणाले, “आधी काटा मोकळा दाखव.”

काटा मोकळा पाहिला. अर्धा किलो खाली पडत होता तो सरळ करून घेतला. एकेक खुर्ची बावीस किलो भरली. टेबल एकतीस. सगळं मिळून एकशे एकोणीस. आप्पांनी प्रत्येक खुर्चीला काट्यावरच बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. शिवकांताबाई एकीत बसल्या. ती कुरकुरली नाही. तिनं काहीच केलं नाही. त्यांना आठवलं, तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत असंच बसायला लागतं.

पण नवरा चार महिन्यांत पहिल्यांदा खूश दिसत होता. “ह्याच घ्या,” त्या म्हणाल्या.

उदगीरला रिकामी पोती घेऊन जाणारा ओळखीचा ट्रक निघाला. त्यातच बैठक चढली आणि त्यातच हे दोघंही, ड्रायव्हरशेजारी. साडेपाचला ट्रक फाटकासमोर उभा राहिला. मोंढ्यातून संगप्पा हमाल आणि त्याचा जोडीदार बोलावून आणला. संगप्पा तीस वर्षं आप्पांच्या दुकानात पोती उचलत होता. खुर्ची पाठीवर घेताना तो म्हणाला, “आप्पा, पोतं बरं असतंय. पाठीला लागून बसतंय. ह्याला नुसती हाडं हायत.”

लिंबाखाली, जिथे सावली होती तिथे, चार खुर्च्या मांडल्या, मधे टेबल. ऊन उतरलं होतं. आप्पा बसले, शिवकांताबाई बसल्या, सुनेनं चहा आणला, नाती टेबलाभोवती फिरल्या. भिंतीवरून केवळाबाईंनी पाहून घेतलं. सगळं भाचीच्या घरासारखं झालं. शिवकांताबाईंनी मनात पाडव्याचे दिवस मोजले. चोवीस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आप्पा पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून बागेत आले, आणि खुर्चीवर टेकले. टेकले आणि उठले.

संध्याकाळची सावली लिंबाच्या पूर्वेला पडते. सकाळची पश्चिमेला. हे उदगीरात सगळ्यांना ठाऊक आहे. गुराख्यालाही आणि गुरांनाही. पण खरेदीच्या आनंदात ते दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. सगळी बैठक उघड्या उन्हात उभी होती. लोखंड तव्यासारखं तापायला लागलं होतं, आणि सावली पलीकडच्या अंगाला, जास्वंदीपाशी, कुणाची तरी वाट पाहत पडली होती.

“सरकवू,” आप्पा म्हणाले. दोघांनी मिळून एक खुर्ची धरली. ती वीतभर सरकली आणि जमिनीत रुतली. आप्पांनी कमरेवर हात ठेवला.

“राहू द्या,” शिवकांताबाई म्हणाल्या. “ह्याच्यासाठीच परत उचलायची असती.”

आप्पांनी टोपी घातली. “तिकडं सावली हाय,” असं म्हणून दुकानाकडे चालू लागले. तासाभरात संगप्पा आणि त्याचा जोडीदार आले. आप्पांनी पाठवलं होतं. बैठक पश्चिमेला गेली. संध्याकाळी ते दोघं परत आले. बैठक पूर्वेला गेली. असं तीन दिवस.

चौथ्या दिवशी सिद्धराम ताटावर बसला आणि पुन्हा भाकरी मोडेना.

“अव्वा, माल तोलायच्या टायमाला हमाल कुठं हाय म्हणून विचारलं, तर म्हणतेत लिंबाखाली हाय. आप्पा थप्पीवर बसून हमाल धाडतेत. आन थप्पीवर बसणं काही सुटलं न्हाई. मग खुर्च्या कुणासाठी हायत? हमालासाठी?”

“थांब जरा.”

“मी थांबलोय. पाडवा थांबत न्हाई.”

त्या दिवशी शिवकांताबाईंनी हमालांना यायचं नाही असं सांगून टाकलं, आणि बैठक पूर्वेलाच कायमची राहिली. संध्याकाळी आप्पा तिथे बसत, पण पंधरा मिनिटं. शिवकांताबाई ओट्यावर तूर निवडत त्यांना न्याहाळत राहिल्या. पहिली पाच मिनिटं आप्पा पाय खाली सोडून बसायचे. मग एक पाय वर यायचा. मग दुसरा. मग त्या वेलबुट्टीच्या खुर्चीत मांडी घालायचा प्रयत्न, आणि लोखंडाची कड मांडीला रुतली की उठणं. आणि कोणी भेटायला आलंच तर तो समोरच्या खुर्चीत टेकायचा, हात गुडघ्यावर ठेवून, सहीसाठी कचेरीत आल्यासारखा. दोघांच्या मधे एकतीस किलोचं टेबल. बोलणं काही व्हायचं नाही.

खुर्ची चुकली, हे शिवकांताबाईंना कळलं. मग बरोबर काय, ते बघायला त्या दुकानात गेल्या.

दुकानात त्या सणावारीच जायच्या. त्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन गेल्या आणि कोपऱ्यात बसल्या. बघितलं, तर सिद्धराम गादीवर, आप्पा थप्पीवर. एक शेतकरी आला. तो गादीच्या कडेला टेकला, पाय खाली सोडून, अंग अर्धं वळवून. उपरण्याच्या गाठीतून त्यानं मूठभर हरभरा सोडला आणि गादीवर ओतला. वानगी. आप्पांचा हात थप्पीवरून खाली आला. दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. मग सिद्धरामानं भाव सांगितला, शेतकऱ्यानं वर पाहिलं, आणि आप्पांची मान आडवी हलली. भाव ते बोलत नसत. गादीशिवाय भाव बोलायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं तरी म्हणायचे, “गादीवर या.” पण थप्पी गादीला लागून होती. मान हलवायला नेमाची आडकाठी नव्हती.

शिवकांताबाईंनी डबा उचलायच्या निमित्तानं गादीची उंची मोजली. जमिनीपासून एक हात आणि चार बोटं. रुंदी अशी, की मांडी घातलेल्या माणसापुढे दोन वीत जागा मोकळी राहावी, वानगी ओतायला. आणि कड अशी, की आलेल्याला टेकता यावं.

परत जाताना त्या मोंढ्यामागच्या सुताराकडे गेल्या. लातूरच्या मिस्त्रीसारखा हा कामाच्या गर्दीत नव्हता.

“बाज करायची. चार पाय बाभळीचे, दांडे बांबूचे. दोन म्हाताऱ्या माणसांना उचलता आली पायजे.” मापं त्यांनी हातानं दाखवली.

“एवढी रुंद?” सुतारानं विचारलं. “घरात लग्न हाय का?”

“लग्न झालंय. एक्केचाळीस वर्षं झाली. बसायचं राहिलंय.”

विणायला नवी सुतळी आणली नाही. दुकानातल्या फाटक्या पोत्यांची सुतळी संगप्पानं उसवून दिली आणि दोन दुपारी बसून त्यानंच बाज विणली, त्याच्या आजाकडून शिकला होता तशी. ‘हमाल लिंबाखाली हाय’ हे सिद्धरामाला आणखी दोन दिवस ऐकावं लागलं. पाडव्याला अकरा दिवस होते.

बाज सकाळच्या सावलीत मांडली. आप्पा पूजा करून बाहेर आले. त्यांनी एक कड उचलून पाहिली आणि नाक मुरडलं. “हलकी हाय.”

“हलकीच हाय,” शिवकांताबाई म्हणाल्या. “बसा तर खरं.”

आप्पांनी टोपी घातलेली होती. ते निघायच्या बेतातच होते. पण त्यांनी वाकून सुतळीवरून बोट फिरवलं, आणि बोट नाकाशी नेलं. पोत्याचा वास. चप्पल काढली. बसले. मांडी आपोआप पडली. त्यांनी पुढची दोन वीत मोकळी जागा पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

घोटाळा झाला तो अर्ध्या तासानं. केवळाबाई फाटकातून आत आल्या, हातात झाकलेला डबा. बाजेपासून दोन पावलांवर थांबून हळू आवाजात म्हणाल्या, “कवापासून हाय?”

“काय?” आप्पांनी विचारलं.

“पडून हायत म्हणून दिसलं रस्त्यावरनं. मऊ भात आणलाय. तिखट घातलं न्हाई.”

शिवकांताबाईंनी कपाळावर हात मारायचाच तेवढा बाकी ठेवला. उंची मोजली, रुंदी मोजली, सावली पाहिली, आणि साधी गोष्ट विसरल्या. दिवसाढवळ्या, फाटकासमोर, बाजेवर कर्ता पुरुष दिसला की उदगीरात त्याचा एकच अर्थ होतो. माणूस अंथरुणाला लागला.

आप्पा लालबुंद झाले. “मी ठणठणीत हाय.”

“हाव हाव,” केवळाबाई म्हणाल्या, आजाऱ्याशी बोलतात तशा. “असंच म्हणायचं. मनाला बरं असतंय.” आणि त्या तापलेल्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसल्या. दोन मिनिटांत उठल्याही. पण जाताना बातमी घेऊन गेल्या.

“हे बघ,” आप्पा म्हणाले, “मी निघालो दुकानात. चालत गेलो की कळंल लोकांना.” त्यांनी पाय खाली सोडले, चपलेत घातले.

शिवकांताबाईंनी मनात दिवस मोजले. अकरा दिवसांतला एक असाच गेला असता, आणि हा गेला म्हणजे बाकीचे गेल्यातच जमा.

तेवढ्यात फाटक वाजलं. देवणीकडचा मलप्पा आत आला. दोन बैलजोड्यांचा शेतकरी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. धापा टाकत होता.

“दुकानात गेलतो. रस्त्यावरनं बघून आलेलं कुणी तरी म्हणालं आप्पा बाजेवर हायत. तसाच पळत आलो. काय झालं आप्पा?”

“काय व्हायचंय? बसलोय.”

“बसा बसा. उठू नका.” आणि मलप्पा, आजारी माणसाच्या उशापायथ्याशी बसतात तसा, बाजेच्या कडेला टेकला. पाय खाली सोडून, अंग अर्धं वळवून. इकडचं तिकडचं बोलला. बाजरीचं बी पेरून वाया गेलं, विहिरीत तळाला दगड दिसायला लागले, बैलांना कडबा पुरंना. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही, तशी त्याची बोटं सवयीनं उपरण्याच्या गाठीकडे गेली.

“यंदा एवढीच झाली,” तो म्हणाला, आणि मूठभर तूर सुतळीवर ओतली. मोकळ्या दोन वीत जागेत.

आप्पांचे पाय चपलेतून निघाले. मांडी पडली. दाणे तळहातावर आले. फुंकर. एक दाणा दाताखाली.

“दाणा बारीक हाय,” ते म्हणाले, “पर भरलाय आतून. पाणी कमी पडलं, खोट न्हाई. निवडून आण. काडी काढ त्यातली.”

“भाव किती मिळंल आप्पा?”

ओट्यावर शिवकांताबाईंचा हात सुपावर थांबला.

आप्पांनी दाणे परत मलप्पाच्या उपरण्यात टाकले, एक एक दाणा वेचून. “भाव गादीवर,” ते म्हणाले. “ही बाज हाय. सिद्धरामाकडं जा.”

मलप्पा गेला. आप्पा उठले नाहीत. टोपी काढून उशाशी ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, “चहा कर गं. आन त्या मऊ भाताला फोडणी दे. मिरच्या घाल चार.”

पुढचे आठ दिवस निम्मा मोंढा आप्पांच्या तब्येतीची चौकशी करायला येऊन गेला. कोणी मोसंबी आणली, कोणी अंगारा. आप्पा पहिल्यांदा चिडायचे, मग चिडायचं सोडून दिलं, आणि शेवटी कुणी ‘आता कसं वाटतंय’ विचारलं की ‘उतार हाय’ म्हणू लागले. ज्यांच्याशी बोलायचं ते बाजेच्या कडेला बसत. ज्यांच्याशी नाही ते लोखंडी खुर्चीत. सकाळच्या वेळी ती खुर्ची फार कामाची ठरली. तिच्यात बसलेलं माणूस पाच मिनिटांत, आपण होऊन, उठायचं.

आणि प्रत्येकाच्या उपरण्यात, खिशात, पिशवीत मूठभर काहीतरी असायचंच. हरभरा, करडई, शाळूची ज्वारी. आप्पा दाणे बघायचे, बरंवाईट सांगायचे, आणि माणूस दुकानाकडे धाडायचे. थप्पीवरची पोती एक दिवस तोलून गेली. तिथे पुन्हा थप्पी लागली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाडव्याच्या सकाळी सिद्धरामानं फाटकापाशी गुढी बांधली. गुढीची काठी ताठ उभी राहिली का ते दोनदा पाहिलं. मग ओट्यावर आईशेजारी येऊन उभा राहिला.

शिवकांताबाईंनी हातातला कडुलिंबाचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. “लातूरला कवा जायचं?” त्यांनी विचारलं.

सिद्धरामानं गोळा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. “परवाच कळवलं त्यांना.”

“काय?”

“न्हाई म्हणून.” त्यानं कडू घोट गिळला. “परवा तो देवणीचा मलप्पा आलता, तूर निवडून घेऊन. मी भाव सांगितला. त्यानं थप्पी लावायचो त्या भिंतीकडं बघितलं. तिथं कुणी न्हाई. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. चांगला वेळ बघत राहिला, अव्वा. मलाच कसंतरी झालं.”

“मग?”

“मग तोला म्हणाला.”

शिवकांताबाईंनी दुसरा गोळा वळायला घेतला. जरा जोरातच वळला.

“आन एक,” सिद्धराम म्हणाला. “त्या लोखंडी खुर्च्या दुकानात नेऊ का? बँकेचे साहेब येतेत, पँटवाले. त्यांना गादीवर बसता येत न्हाई.”

लिंबाखालून आवाज आला. आप्पांचे कान अजून शाबूत होते. “दोन ने. दोन इथं राहू दे. केवळाबाईनं कुठं बसायचं?”

“हाव, आप्पा.”

“आन तोलून ने. चव्वेचाळीस भरल्या पायजेत.”

सिद्धराम हसत दुकानाकडे गेला. शिवकांताबाई हात पुसून ओट्यावरून उतरल्या. साडेनऊ वाजून गेले होते. सावली लिंबाच्या बुंध्याकडे सरकली होती आणि बाजेचा एक पाय उन्हात आला होता. आप्पा आधीच उठून उशाकडच्या दांड्यापाशी उभे होते. धोतर खोचलेलं, टोपी बगलेत.

“धर,” ते म्हणाले.

शिवकांताबाईंनी पायथ्याकडचा दांडा धरला. दोघांनी बाज उचलली आणि चार पावलं, जास्वंद वाचवत, लिंबाच्या बुडाशी नेऊन ठेवली. भिंतीपलीकडून केवळाबाईंनी आपल्या सुनेला सांगितलं, की बाज हलली, भात टाक, साडेनऊ झाले. आप्पा मांडी घालून बसले. मग थोडे सरकले, आणि कडेला जागा केली.

“गिऱ्हाईक न्हाई मी,” शिवकांताबाई म्हणाल्या.

“म्हणून तर म्हणतोय,” आप्पा म्हणाले. “मागं सरकून बस. कडेला गिऱ्हाईक बसतंय.”